मैत्रीभावना

मैत्रीभावना (पाली: मेत्ताभावना) ही बौद्ध परंपरेतील एक ध्यानपद्धती आहे. स्वतःसह सर्व प्राणिमात्रांविषयी निर्वैर, हितचिंतक वृत्ती क्रमाक्रमाने विकसित करणे हा तिचा हेतू आहे. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार ब्रह्मविहारांपैकी हा पहिला होय. महाराष्ट्रात, विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर, परभणीसह मराठवाड्यातील बौद्ध समाजात ही संकल्पना रुजली.

ग्रंथाधार
सुत्तनिपात व खुद्दकपाठ या दोन्ही ग्रंथांत येणारे मेत्तसुत्त हा तिचा प्रमुख आधार आहे. अंगुत्तर निकायात मैत्रीचे अकरा लाभ सांगितले आहेत. बुद्धघोषाने पाचव्या शतकात रचलेल्या विसुद्धिमग्गात साधनेचा सविस्तर विधी आढळतो. या ग्रंथाचे देवनागरी संपादन धर्मानंद कोसंबी यांनी केले.

पद्धती
साधक प्रथम स्वतःच्या सुखाची व निर्वैरतेची इच्छा करतो. त्यानंतर आदरणीय किंवा प्रिय व्यक्ती, तटस्थ व्यक्ती आणि शेवटी वैरी अशा क्रमाने ती भावना विस्तारली जाते. वैऱ्याच्या स्मरणाने क्रोध उत्पन्न झाल्यास आधीच्या टप्प्याकडे परतावे, असे विसुद्धिमग्ग सुचवतो. द्वेष हा मैत्रीचा उघड शत्रू, तर आसक्ती हा मैत्रीसारखाच भासणारा जवळचा शत्रू मानला जातो.

स्वतःविषयी मैत्री
आरंभ स्वतःपासून करण्यामागे स्वार्थ नसून ‘साक्षी’चे तत्त्व आहे: मला जसे सुख प्रिय आहे, तसेच इतरांनाही ते प्रिय आहे, ही जाणीव त्यातून होते. केवळ स्वतःवर थांबलेली साधना मात्र पूर्ण समाधीपर्यंत पोहोचत नाही, असे बुद्धघोष नमूद करतो. आधुनिक मानसशास्त्रात क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची संकल्पना मांडली. स्वतःशी दयाळूपणा, दुःख सर्वांच्या वाट्याला येते याचे भान आणि सजगता हे तिचे तीन घटक आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयी दयेचा समावेश आहे. बंधुतेसाठी बुद्धाचा ‘मैत्री’ हा शब्द अधिक योग्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे आंबेडकरी परंपरेत मैत्री केवळ वैयक्तिक मनःशांतीशी निगडित न राहता समतेशी जोडली गेली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर जुलै १९७८ मध्ये परभणीसह अनेक जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. अशा इतिहासात वैऱ्याविषयीची मैत्री म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे की द्वेषाविना न्याय मागणे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. विसुद्धिमग्गाचा विधी साधकाच्या मनातील वैर दूर करण्यापुरता आहे. अन्यायाचा प्रतिकार सोडण्याची अट त्यात नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रासह सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात अखेरच्या टप्प्यात मंगल मैत्री शिकवली जाते. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या पद्धतीत मैत्रीभावनेचे पाच टप्पे असून तेथे आनापानसतीबरोबर तिचा सराव केला जातो.

मर्यादा
मैत्रीभावना हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. तीव्र नैराश्य किंवा मानसिक आघात असल्यास तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो.