डाउनलोड करण्याआधी

२०२४च्या जानेवारीत एका जपानी मोबाइल गेमच्या जागतिक आवृत्तीची घोषणा झाली. गेमचं नाव 'लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल फेस्टिव्हल २'. जपानबाहेरचे चाहते तिची कधीपासून वाट बघत होते. घोषणेत दोन तारखा होत्या: फेब्रुवारीत गेम सुरू होईल, आणि ३१ मे रोजी कायमचा बंद होईल. बारशाच्या निमंत्रणपत्रिकेतच तेराव्याची तारीख छापावी तसा हा प्रकार. लोक हसले, चिडले, आणि तरी अनेकांनी गेम डाउनलोड करून ते चार महिने खेळून घेतले.

मला हसू आलं नाही, कारण असाच एक गेम सुरू करायचा की नाही, हे मी सध्या ठरवतेय.

पुण्यात जपानीच्या क्लासला माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आता बंगळुरूला नोकरी करते. आमचं बोलणं हळूहळू वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरतं उरलंय. तिने मध्यंतरी एका गेमची लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, 'घे हा, रात्री एकत्र खेळू.' गेम याच जातीचा. आयडॉल, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुली. रिदम, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर सरकत येणारे ठिपके नेमक्या क्षणी टिपायचे. आणि गाचा, म्हणजे गेममधली रत्नं देऊन नशिबाने कार्डं मिळवायची. रत्नं खेळून थोडी मिळतात, पैसे देऊन हवी तेवढी.

पहिल्या दोन गोष्टींना माझी ना नाही. तिसरीची भीती वाटते, आणि ती घरातून आलेली आहे. माझे आजोबा दर आठवड्याला महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट घ्यायचे. कर्ज झालं, घर विकलं असलं काही घडलं नाही. पण ते गेल्यावर कपाटात रबरबँड लावलेले तिकिटांचे गठ्ठे निघाले आणि आजीने ते कुणाला मोजू दिले नाहीत. त्यातलं माझ्यात किती उतरलंय ते आधी कळायला मार्ग नाही. म्हणून मी इतिहास वाचायला घेतला.

'गाचा' हा शब्द आवाजावरून आला. यंत्राची मूठ फिरवली की 'गाचा', आत काय आहे ते न दिसणारी प्लास्टिकची डबी खाली पडली की 'पोन'. ही यंत्रं मूळची अमेरिकेतली. १९६५मध्ये ती जपानमध्ये आली आणि खाऊच्या दुकानांबाहेर उभी राहिली. दहा येनचं नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, निघेल ते खेळणं आपलं. १९७७मध्ये बांदाई ही बडी कंपनी या धंद्यात उतरली आणि खेळण्यांचा दर्जा आणि किंमत दोन्ही वाढलं.

या यंत्राबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. त्याला तळ होता. आत शंभर डब्या असतील तर शंभराव्या नाण्याला सगळं तुमचं. मोबाइलमधल्या गाचाला तळ नसतो. तुम्ही काढलेलं कार्ड पेटीतून कमी होत नाही. पुढच्या वेळी पेटी पुन्हा पहिल्याइतकीच भरलेली.

पण खरी गंमत यंत्रात नाही, कॅरॅमलमध्ये आहे. युद्धानंतरच्या जपानमध्ये, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, कोबाई नावाच्या कंपनीच्या कॅरॅमलच्या पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डं निघायची. संघ योमिउरी जायंट्स, म्हणजे त्या पोरांचा जीव की प्राण. संघातले खेळाडू आणि व्यवस्थापक मिझुहारा अशी सगळी कार्डं जमवली की बक्षीस. खेळाडू भराभर मिळायचे, मिझुहारा मात्र मिळता मिळत नसे. पोरं कॅरॅमल फेकून द्यायची आणि कार्ड ठेवायची. साखरेची टंचाई नुकतीच सरलेल्या देशात कॅरॅमल फेकून द्यायची! पालक आणि शाळांनी ओरड केली, आणि पुढे काही वर्षांत ती कंपनीही बंद पडली.

आपल्याकडच्या चिप्सच्या पाकिटातले टाझो ज्यांना आठवतात, त्यांना या पोरांची वेगळी ओळख करून द्यायला नको.

या हव्यासामागे सरळ गणित आहे. दहा चित्रांचा संच आहे आणि प्रत्येक चित्र निघायची शक्यता सारखी आहे असं धरा. पहिलं पाकीट कधीच वाया जात नाही, दुसरं बहुधा जात नाही. पूर्ण संचाला सरासरी एकोणतीस पाकिटं लागतात, आणि त्यातली दहा एकट्या शेवटच्या चित्रासाठी. म्हणजे 'आता एकच राहिलंय' असं आपण म्हणतो तेव्हा एक-तृतीयांश खर्च अजून व्हायचा असतो. शिवाय ते एक मुद्दाम कमी छापलं असेल तर बोलायलाच नको. जपानने १९६२मध्ये आमिषं आणि फसव्या जाहिरातींविरुद्ध कायदा केला. वेगवेगळी कार्डं जुळवून आणली तर बक्षीस, या पद्धतीवर त्याच कायद्याच्या नियमांखाली बंदी आली.

नियम पुस्तकात पडून राहिला. मग मोबाइल आले, आणि ग्री आणि डीएनए या दोन कंपन्यांच्या व्यासपीठांवर साध्या फोनवरचे कार्डांचे खेळ तुफान चालायला लागले. त्यात 'कॉम्प्लीट गाचा', बोलीत 'कोंपु गाचा', नावाची युक्ती होती. गाचातून ठरावीक कार्डांचा पूर्ण संच जमवा, मग गाचातून कधीच न निघणारं एक खास कार्ड मिळेल. म्हणजे पुन्हा मिझुहारा, फक्त कॅरॅमल वजा. ५ मे २०१२ रोजी 'योमिउरी' वृत्तपत्राने बातमी दिली की सरकारची ग्राहक संरक्षण यंत्रणा हा प्रकार बेकायदा ठरवणार आहे. ५ मे हा जपानमध्ये बालदिन. शनिवार होता. सोमवारी बाजार उघडला आणि दोन्ही कंपन्यांचे शेअर साधारण एक-पंचमांशाने कोसळले. कंपन्यांनी घाईघाईने कोंपु गाचा बंद केला आणि १ जुलैपासून बंदी अंमलात आली. ती घालण्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. कॅरॅमलच्या पिढीचा जुना नियम काढला, धूळ झटकली आणि लावला.

मात्र सरकारने संचावर बंदी घातली, गाचावर नाही. एकेकटं कार्ड नशिबाने विकायला मोकळीक राहिली.

त्याचा पुढचा अंक २०१६च्या नववर्षाला झाला. 'ग्रानब्लू फँटसी' या गेममध्ये माकडाच्या वर्षानिमित्त आंचिरा नावाचं पात्र आलं. मिळण्याची शक्यता वाढवली आहे, अशी जाहिरात होती. एका खेळाडूने तिच्यासाठी थेट प्रक्षेपणात गाचा फिरवायला घेतला. ती मिळेपर्यंत त्याने दोन हजार दोनशेहून जास्त वेळा फिरवला आणि खर्च गेला सात लाख येनच्या घरात. गदारोळ झाला, सायगेम्स या कंपनीने माफी मागितली आणि मर्यादा घातली: तीनशे वेळा फिरवूनही हवं ते मिळालं नाही, तर ते निवडून घ्या. याला जपानीत 'तेन्जो' म्हणतात, म्हणजे छत. शब्द जुगाराच्या पाचिस्लॉट यंत्रांवरून उचललेला आहे, आणि ते मला प्रामाणिकपणाचं वाटतं. तीनशे वेळांची किंमत तेव्हा सुमारे नव्वद हजार येन होती. छत आहे, पण ते बरंच उंच आहे. आणि ते उगाच नाही: एखादं कार्ड ०.४ टक्के शक्यतेने निघत असेल तर तीनशे वेळा फिरवूनही शंभरातले तीस जण रिकाम्या हाताने उरतात. पुढे अ‍ॅपलने २०१७च्या अखेरीस अशा शक्यता उघड करण्याची सक्ती केली, नंतर गूगलनेही. आज मी गेममध्ये 'तपशील' दाबते तेव्हा दिसणारे ते बारीक टक्के कुणाच्या तरी सात लाख येनमधून आले आहेत.

आता आयडॉल. हा शब्द जपानमध्ये रुळला तो १९६४मध्ये तिथे लागलेल्या एका फ्रेंच चित्रपटामुळे. सिल्व्ही वार्तान त्यात गाते. पुढची चाळीस वर्षं गाळून थेट डिसेंबर २००५मध्ये येऊ. अकिहाबारातल्या एका छोट्या थिएटरात 'एकेबी फोर्टी-एट' हा गट सुरू झाला. रोज भेटता येतील अशा आयडॉल, ही त्यांची कल्पना. २००९पासून त्यांनी निवडणूक घेतली: सीडीसोबत मताचा हक्क मिळायचा, म्हणून एकेका चाहत्याने त्याच गाण्याच्या चिक्कार सीडी घ्यायच्या. आवडत्या मुलीला वर न्यायचं तर पैसे ओता. (मुंबईसाठीही असा एक गट जाहीर झाला होता. तो रंगमंचावर आलाच नाही.)

त्याच २००५च्या जुलैमध्ये नामकोने 'द आयडॉलमास्टर' हा आर्केड गेम आणला होता. त्यात खेळणारा आयडॉल नसतो, तिचा निर्माता असतो. तिला शिकवायचं, सावरायचं, स्टेजवर न्यायचं. २०११च्या नोव्हेंबरात त्याचाच 'सिंड्रेला गर्ल्स' हा अवतार डीएनएच्या मोबागेवर कार्डांचा खेळ म्हणून आला, आणि तिथे निर्मात्याचं प्रेम आणि गाचाची मूठ एकत्र आली. पुढच्याच वर्षी तिथेही मुलींची निवडणूक सुरू झाली. हे वाचताना मला जरा थांबावं लागलं. तलवारीचं कार्ड मिळालं नाही तर माणूस गेमला शिव्या देतो. 'आपली' मुलगी मिळाली नाही तर त्याला वाटतं आपणच कमी पडलो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत जपून राहण्याची जागा ही आहे, आणि तिच्यासाठी टक्क्यांचा तक्ता कुठे लावलेला नसतो.

रिदमची वंशावळ मात्र वेगळी, आणि स्वच्छ. १९९७चा 'बीटमॅनिया', १९९८चा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'. आर्केडमध्ये नाणं टाकायचं, गाणी खेळायची, हात चुकले की संपलं. तिथे तुम्ही वेळ विकत घेत होता आणि बाकी सगळं तुमच्या बोटांचं किंवा पायांचं होतं. १५ एप्रिल २०१३ रोजी जपानमध्ये आलेल्या पहिल्या 'स्कूल आयडॉल फेस्टिव्हल'ने ही वंशावळ आणि गाचाची वंशावळ यांचं लग्न लावलं आणि ते जोरात चाललं. अर्धवर्तुळात नऊ मुली, मधून निघून त्यांच्याकडे येणारे गोल, आणि तुमचे दोन अंगठे. गाणी खेळणं फुकट झालं. विकायला राहिलं नशीब.

त्या मालिकेची मूळ गोष्ट आपल्या वाचकांना चटकन कळेल. पटसंख्या घटल्यामुळे एक शाळा बंद व्हायला आलेली असते, आणि ती वाचवावी म्हणून नऊ मुली आयडॉल होतात. झेडपीच्या शाळा ज्यांनी बघितल्यात त्यांना यात परकं काही वाटणार नाही. त्या गोष्टीवरचा तो गेम दहा वर्षं चालला आणि ३१ मार्च २०२३ रोजी बंद झाला. त्याच्या आदल्याच दिवशी मोबागेवरचा 'सिंड्रेला गर्ल्स' बंद झाला होता. सव्वाअकरा वर्षं लोकांनी जमवलेली कार्डं दोन दिवसांत कुणाचीच राहिली नाहीत. कॅरॅमलमधला मिझुहारा मात्र जपानमधल्या कुणाच्या तरी ट्रंकेत आजही असेल. आजोबांची तिकिटं तर आमच्या माळ्यावर आहेतच.

मग खेळायचं का?

मी आधी 'गेम चांगला आहे का' असं विचारत होते. आता मला तो एकच गेम दिसत नाही. एकाच पडद्यावर दोन दुकानं आहेत: एक आर्केडचं, एक डबीच्या यंत्राचं. दुसऱ्या दुकानात चांगलं कार्ड मिळालं तर पहिल्यात गुण वाढतात, क्रमवारीत वर जाता येतं, आणि दोघांमधला दरवाजा सतत उघडा राहावा अशीच सगळी मांडणी असते. पण ठिपका वेळेवर टिपला की चुकला, हे कार्ड ठरवत नाही. जपानमध्ये कुणाकडे कितीही रत्नं असोत, त्याचा अंगठा उशिरा पडला तर उशिराच पडतो. ती बाजू मला हवी आहे. तिथे मिळवलेलं ३१ मे उजाडला तरी बोटांत थोडं राहील.

फुकटची रत्नं मी वापरणार, साध्वी व्हायचा विचार नाही. फोनच्या खात्यातून मात्र यूपीआय आणि कार्ड दोन्ही काढून टाकलंय. आवडती मुलगी निवडायला गेम सुरुवातीलाच सांगतो म्हणे. ती मी निवडणार नाही, किंवा निवडली तरी मैत्रिणीला सांगणार नाही. क्रमवारीच्या स्पर्धा दहा-दहा दिवस चालतात, त्यांत पडणार नाही. यातलं किती पाळलं जाईल याची खात्री मी देत नाही. आजोबाही तिकीट एकच घ्यायचे.

काल रात्री तिला फोन केला. बऱ्याच दिवसांनी. हे सगळं सांगायला गेले तर ती कॅरॅमलपाशीच हसायला लागली. क्लासमध्ये सरांनी हा किस्सा सांगितला होता म्हणाली, मला अजिबात आठवत नाही. मग विचारलं, सुरुवात कुठल्या गाण्याने करू? तिने एक नाव सांगितलं आणि वर बजावलं, "सोप्या पातळीवरच खेळ हं. आणि इअरफोन वायरचे घे, ब्लूटूथने ठेका मागे पडतो."

वायरचे इअरफोन घरात नाहीत. संध्याकाळी आणते.