माणदेशातला कारवानी कुत्रा

कारवानी हा दख्खनच्या कोरड्या पठारावरचा शिकारी कुत्रा. तो वासावर माग काढत नाही, नजरेने सावज धरतो. साताऱ्यातले माण आणि खटाव, सांगलीतले आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ, सोलापुरातला सांगोला या माणदेशाच्या पट्ट्यात तो शेतकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. आखूड केसांचा तो कारवानी. कान, शेपूट आणि पायांच्या मागे रेशमासारखे लांब केस असतील तर तो पश्मी. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात हाच कुत्रा मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो.

कोणत्या मुलखात शिकारीसाठी कोणता प्राणी पाळला जाईल हे तिथले सावज ठरवते. युरोपातला ससा जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहतो. त्याला बाहेर हुसकण्यासाठी तिथल्या लोकांनी लांबुडक्या, सडपातळ अंगाचा फेरेट माणसाळवला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक-रोमन लेखनात अशा बिळात सोडायच्या प्राण्याचे उल्लेख आहेत. आज फेरेट पाश्चात्त्य घरांत हौसेने पाळला जातो, पण त्याचे मूळ काम तेच. माणदेशातला ससा मात्र बीळ करत नाही. कुसळीच्या गवतात किंवा तरवडाच्या झुडपाखाली तो दिवसभर दबून बसतो आणि पाऊल अगदी जवळ आले की उठून सुसाट सुटतो. त्याच्यापुढे बिळात शिरणारा प्राणी निरुपयोगी. इथे उघड्या माळावर पळून गाठणारे जनावर हवे होते, आणि ते कुत्र्याच्या रूपाने मिळाले.

हा माळ पावसाने, किंवा पाऊस न पडल्याने, घडवला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला दहिवडी-म्हसवडच्या बाजूला तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. माण नदी वर्षाचा बराच काळ वाळूची असते. झाडी विरळ, बाभूळ, हिवर, बोर, आणि मध्ये नुसते गवत. ससा, खोकड, कोल्हा, लांडगा ही या उघड्या रानाची जनावरे. नजर दूरवर पोचते, आडोसा नाही, पळायला वाव आहे. नजरेवर आणि वेगावर जगणाऱ्या कुत्र्याला याहून चांगली भूमी सापडणे कठीण.

कारवानी इथे कुठून आला याचा पुरावा कागदापेक्षा त्याच्या शरीरात अधिक आहे. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट, उंच पाय, अंगावर चरबी जवळजवळ नाही. ही ठेवण अरबस्तानातल्या सालुकीशी आणि मध्य आशियातल्या ताझीशी इतकी जुळते की हे सगळे एका गोतावळ्यातले मानले जातात. व्यापारी तांड्यांबरोबर, घोड्यांच्या सौदागरांबरोबर आणि फौजांबरोबर हे कुत्रे दख्खनमध्ये उतरले, असे परंपरा सांगते. बहमनी आणि आदिलशाही काळात अरब आणि इराणी घोड्यांचा व्यापार या पठारावर मोठा होता, त्यामुळे ही गोष्ट पटण्यासारखी आहे. पण पुढचे काम इथल्या माणसांनी केले. दुष्काळात जगेल, भाकरीवर राहील, दगडधोंड्यांत पाय मोडून घेणार नाही असाच कुत्रा टिकला आणि त्याचीच पैदास झाली.

दरबारात कुत्र्याला कसा मान होता याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण साताऱ्याचेच आहे. छत्रपती शाहू महाराजांचा एक आवडता कुत्रा होता. लोकपरंपरेत त्याचे नाव खंड्या. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, त्याबद्दल त्याला सनद आणि पालखीचा मान मिळाला, अशी कथा आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही या कुत्र्याची दखल घेतली: महाराजांनी त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून दरबारात बसवल्याचे तो सांगतो. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. तो कोणत्या वाणाचा होता यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अठराव्या शतकातल्या साताऱ्यात शिकारी कुत्रा नुसता राखणीचा उरला नव्हता, त्याची गणना घरच्या माणसांत होत होती, एवढे त्यावरून दिसते.

रयतेच्या पातळीवर हा मान देवाच्या वाटेने आला. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, आणि देवाचे भक्त असलेले वाघ्ये कोटंब्यात घातलेला नैवेद्य कुत्र्यासारखा खातात. साताऱ्यातल्या पालीचा खंडोबा धनगरांसह अनेक जातींचे कुलदैवत आहे. म्हसवड आणि खरसुंडीचा सिद्धनाथ हा भैरवाचे रूप मानला जातो, आणि भैरवाचे वाहन कुत्राच. ज्या मुलखातली मोठी दैवते कुत्र्याला जवळ करतात तिथे त्याला भाकरीचा पहिला तुकडा टाकणे हा आचार होऊन जातो.

दारातले सगळे कुत्रे एका कामाचे नव्हते. धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा वेगळा. तो जाड हाडाचा, दाट केसांचा, रात्रभर भुंकून लांडग्याला दूर ठेवणारा. पाऊस सरल्यावर कळप चाऱ्यामागे बाहेर पडला की तोही सोबत जातो. कारवानी राखणीला तसा कच्चा. तो भुंकतो कमी, परक्याच्या हाताला बुजतो आणि दिवसाचा बराच वेळ पडून राहतो. एकाच घरात दोन्ही असत आणि दोघांची कामे एकमेकांत मिसळत नसत.

शिकारीचा खरा हंगाम रब्बीची ज्वारी निघाल्यावर येई. रान मोकळे झाले की पहाटेच्या थंडीत माणसे हारीने माळावर पसरत. हातात काठी आणि दोरीला कुत्रे. ससा उठला की दोरी सुटे. पहिला कुत्रा सशाला वळवतो, दुसरा त्या वळणावर आडवा येतो. एकटा कारवानी पुष्कळदा सशाला चकतो, जोडी सहसा चकत नाही. ही धाव फार तर काही मिनिटांची. लांबली तर उन्हाने आणि स्वतःच्याच अंगातल्या उष्णतेने कुत्रा कोसळण्याची भीती असते. सावजाचे वाटे होत आणि कुत्र्याच्या मालकाकडे त्यात विशेष मानाने पाहिले जाई. गरीब घरात मांस वर्षातून मोजक्या वेळा शिजे, अशा काळात चांगला कुत्रा ही मोलाची वस्तू होती. आटपाडी तालुक्यातल्या, तेव्हा औंध संस्थानात असलेल्या माडगुळ्यात १९२७ साली जन्मलेले व्यंकटेश माडगूळकर याच रानात वाढले. शिकारीची आवड असलेला हा लेखक पुढे प्राण्यांच्या निरीक्षणाकडे वळला, आणि मराठी गद्यात माणदेशाचा माळ त्यातल्या जनावरांसह उतरला.

पिल्लू निवडण्याचे ज्ञान तोंडी होते आणि ते बरेचसे शरीरशास्त्राला धरून होते. पहिली पारख आईबापांची. आई माळावर कशी पळते, तिचा दम किती, हे ज्याने पाहिले त्याला पिल्लाबद्दल अर्धे कळलेले असते. मग पिल्लाचे तोंड लांब आहे का, छाती कोपरापर्यंत खोल उतरते का, कमरेला पोट आत गेले आहे का, शेपूट लांब आणि टोकाला निमुळती आहे का, पंजा सशासारखा लांबट आणि घट्ट आहे का हे पाहायचे. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सुमारे ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि मादी ६४ ते ६८ सेंटिमीटर भरते. याहून फार जड बांध्याचे पिल्लू धावेला नको. अंगाच्या रंगाला पूर्वी फारसे महत्त्व नव्हते. स्वभावाची पारख अवघड, कारण कारवानीचे चांगले पिल्लूही परक्यापुढे मागे सरते. बुजरेपणा आणि भित्रेपणा यांतला फरक जाणत्यालाच कळतो. बुजरे पिल्लू थोड्या वेळाने कुतूहलाने परत येते, भित्रे कोपऱ्यात दबून बसते. पाहिलेले खरे ठरायला वर्ष जावे लागते, म्हणून जुने शिकारी एका वेतातली दोन पिल्ले ठेवत.

कारवानीची मादी साधारण ६३ दिवसांनी विते. पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात आणि दीड-दोन महिन्यांत ती आईपासून तुटतात. त्याआधी उचललेले पिल्लू पोटाने दुबळे आणि स्वभावाने हेकट निघते. खाणे घरच्याच चुलीवरचे: बाजरी-ज्वारीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून, कधी अंडे, सण असला तर हाडे. दुभते असलेल्या घरात पिल्लाला दूध मिळे आणि त्याची हाडे मजबूत होत. दुष्काळात माणसांबरोबर कुत्र्याचेही पोट खपाटीला जाई. बरगड्या थोड्या दिसणे हे या कुत्र्याचे आरोग्य आहे. शहरात आल्यावर मालक त्याला गुबगुबीत करू पाहतात आणि तिथे त्याचे सांधे बिघडतात. पोटभर खाल्ल्यावर पळवू नये, हा जुना नियमही बरोबर आहे. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका खरोखर असतो आणि तो काही तासांत जीव घेतो.

आखूड केस आणि चरबीचा अभाव यामुळे माणदेशातली डिसेंबरची पहाट कारवानीला सोसत नाही. त्याला गोणपाट किंवा जुन्या घोंगडीचा तुकडा लागतो आणि कोपरांना घट्टे पडू नयेत म्हणून मऊ जागा लागते. माळावरून आल्यावर पंजे तपासून कुसळे आणि बाभळीचे काटे काढायचे, कानामागच्या आणि बोटांमधल्या गोचड्या वेचायच्या, हे रोजचे काम घरातल्या पोरांकडे असे. औषधाच्या बाबतीत मात्र जुना काळ निर्दय होता. पिसाळण्यावर, डिस्टेंपरवर इलाज नव्हता आणि एका साथीत गावातली कुत्री संपत. लसी खेड्यापर्यंत पोचल्या तेव्हाच हे थांबले. आजही रेबीजची लस दरवर्षी टोचून घेणे ही कुत्रा पाळणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. पशुवैद्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: या बांध्याच्या कुत्र्यांना भुलीचे काही औषध नेहमीपेक्षा जास्त वेळ चढून राहते.

कारवानीचे जुने जग दोन धक्क्यांनी मोडले. पहिला संस्थानांचा. जत, औंध, मुधोळ ही संस्थाने १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाली आणि राजांच्या शिकारखान्यांचा आश्रय संपला. यांत मुधोळचे काम मोठे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या बेरडांकडले हे कुत्रे पाहून त्यांची पैदास हाती घेतली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला एक जोडी भेट दिली, असे सांगितले जाते. कुत्र्याला मुधोळचे नाव चिकटले ते तेव्हापासून. माणदेशाच्या बाजूला असा कुणी राजा पुढे आला नाही, म्हणून तिथल्या कुत्र्याला मुलखाचे नाव मिळाले नाही. श्रेय मुधोळला मिळाले हे योग्यच आहे, पण माणदेशातल्या घराघरांत भाकरीवर त्याच वाणाची पैदास तितक्याच निष्ठेने चालू होती, ही बाजू क्वचितच लिहिली जाते.

दुसरा धक्का कायद्याचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने शिकार करण्याचीही सोय उरली नाही. आज ससा मारणे हा गुन्हा आहे, आणि माळ ज्या वेगाने नांगराखाली गेला ते पाहता हा कायदा आवश्यकच होता. पण त्यामुळे कारवानीचे काम गेले. पारख करणारी माणसे म्हातारी झाली, धाव न पाहताच जोड्या लागू लागल्या. गावोगावच्या कुत्र्यांच्या शर्यतींसाठी परदेशी ग्रेहाउंडचा संकर सुरू झाला. सरळ पट्ट्यात संकरित कुत्रा जास्त वेगाने पळतो, मात्र दगडाळ माळावर वळताना आणि साध्या खाण्यावर टिकताना मूळ वाणच सरस ठरतो.

या वाणाकडे सरकारचे लक्ष उशिरा गेले. केनेल क्लब ऑफ इंडियाने त्याची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून केली. टपाल खात्याने २००५ साली चार भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूर येथे कुत्र्यांचे संशोधन केंद्र चालवले. २०१६ च्या सुमारास भारतीय सैन्याने मेरठच्या केंद्रात याची पिल्ले शिकवायला घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये देशी वाणांबरोबर मुधोळ हाउंडचे नाव आले आणि मागणी वाढली.

त्या मागणीने पैदास वाढवली तसेच घाईचे व्यवहारही वाढवले. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू न विकणे बंधनकारक आहे. पिल्लू घेणाऱ्याने आईबाप पाहण्याचा, लसीची नोंद मागण्याचा आणि पिल्लाचे वय विचारण्याचा आग्रह धरला तर हा नियम कागदाबाहेर येतो. दोन खोल्यांच्या घरात कारवानी ठेवता येतो, कारण घरात तो शांत पडून असतो. पण त्याला रोज मोकळे धावायला बंदिस्त मैदान लागते. दोरी सोडून रस्त्याकडेला नेणे चुकीचे, कारण हलणारी वस्तू दिसली की हाक त्याच्या कानावर पोचत नाही. साखळीला बांधून ठेवलेला कारवानी काही महिन्यांत चिडका होतो आणि मग त्याच्यावर अविश्वासू असल्याचा शिक्का बसतो. माणदेशातल्या जुन्या घरांत तो दिवसा दावणीजवळ मोकळा पडे आणि कळप हलला की त्याच्यामागे माळभर फिरून संध्याकाळी भाकरीच्या वेळेला परत येई.