विजेचा स्वर आणि आमची उपनगरे

गेल्या पाऊणशे वर्षांत अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मुंबईच्या उपनगरांचे रूप जसे पालटले, तसाच त्यांचा नादही पालटला. भाताची खाचरे व ताडामाडांच्या वाड्या जाऊन तेथे चाळी आल्या, चाळींच्या शेजारी गृहनिर्माण संस्था आल्या, आणि आता त्या संस्थांच्या जागी गगनचुंबी मनोरे उठत आहेत. हे स्थित्यंतर डोळ्यांस दिसणारे असल्याने त्याची नोंद अनेकांनी केली. कानांनी अनुभवलेल्या स्थित्यंतराची नोंद मात्र क्वचितच झाली आहे.

संगीताचा विषय निघाला की आमच्या मंडळींची लेखणी ख्यालगायकी, नाट्यसंगीत आणि भावगीत यांजकडे वळते, आणि ते योग्यच आहे. तथापि सिंथेसायझर हे विजेवर चालणारे वाद्य, त्यावर बेतलेली डिस्को गीते आणि त्या काळचे यंत्रनाद हा विषय स्मरणिकेस शोभण्याजोगा आहे काय, अशी शंका काही वडीलधाऱ्यांच्या मनात येईल. तिचे निरसन करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विजेचे वाद्य आमच्याकडे नक्कल करणारे म्हणून आले. परंतु जाणत्या हातांत पडताच त्यास स्वतःचा कंठ फुटला. हा सारा इतिहास आमच्या उपनगरांत आणि त्यांच्या आसपास घडला, आणि तो घडविणाऱ्यांची नावे आम्ही लिहून ठेवली नाहीत.

गोरेगावची नागीण

या इतिहासाचा आरंभ कोठे धरावा? आमच्या मते गोरेगावात. १९४३ साली शशधर मुखर्जी, अशोककुमार प्रभृतींनी तेथे फिल्मिस्तान ही चित्रसंस्था स्थापन केली. त्या संस्थेचा 'नागिन' हा बोलपट १९५४ साली प्रकाशित झाला. हेमंतकुमारांचे संगीत घरोघर पोहोचले आणि त्यांतील पुंगीच्या सुरावटीने तर देशास वेड लावले. ती ऐकून चित्रगृहांत खरेखुरे नाग येतात, अशी आख्यायिकाही पसरली होती.

वस्तुतः तो नाद पुंगीचा नव्हताच. कॉन्स्टंट मार्टिन नामक फ्रेंच संशोधकाने १९४७ साली क्लॅव्हिओलीन नावाचे एक लहानसे विद्युत्-वाद्य तयार केले होते. त्यावर ती सुरावट कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजविली, आणि तिला जोड दिली ती रवी यांच्या हार्मोनियमने. हेच कल्याणजी पुढे बंधू आनंदजी यांजसह नामांकित संगीतकार झाले. मूळ कच्छचे हे कुटुंब. वडिलांचे गिरगावात किराणा मालाचे दुकान होते. एका गिऱ्हाइकाने उधारी फेडण्याऐवजी दुकानदाराच्या मुलांस संगीताचे धडे दिले, अशी हकीकत सांगितली जाते.

पुढे जे घडले ते अधिक मनोवेधक आहे. यंत्राने पुंगीची नक्कल केली, आणि मग खरे गारुडी आपल्या पुंगीवर त्या यंत्राची सुरावट वाजवू लागले! लग्नाच्या वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत रुमालाची फणा करून नाचला जाणारा नागीण नाच तर आजही आबालवृद्धांच्या परिचयाचा आहे. मग अस्सल कोणते व नक्कल कोणती, हे ठरवावे कसे?

नाद घडविण्याचे यंत्र

सिंथेसायझर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सतारीत तार कापते, बासरीत हवेचा स्तंभ कापतो. येथे विद्युत्प्रवाहच आंदोलने करतो. दर सेकंदास ४४० आंदोलने झाली की पेटीवरील पांढरी सहाचा स्वर उमटतो. हा कच्चा नाद पुढे एका गाळणीतून जातो. ती त्यांतील तीक्ष्ण अंश हवे तितके वगळते. नाद एकदम उसळावा की हळूहळू उमलावा, आणि किती काळाने विरावा, हेही वादकच ठरवितो. म्हणजे इतर वादक तयार नादाचे स्वर वाजवितो. येथे वादकास आधी नादच घडवावा लागतो.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली अशा यंत्राचा पहिला नमुना सिद्ध केला, आणि १९७० साली त्यांचा मिनीमूग हा सुटसुटीत अवतार बाजारात आला. भारतात मूगचे यंत्र १९६९ सालीच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन पोहोचले. तेथे गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी केलेले प्रयोग ध्वनिफितींवर मुद्रित झाले, आणि त्या फिती कपाटात पडून राहिल्या. रसिकांच्या हाती ते संगीत येण्यास २०२३ साल उजाडले.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मूग रुजविण्याचे श्रेय केरसी लॉर्ड या पारशी वादकास दिले जाते. पिता कावस लॉर्ड तालवाद्यांत निष्णात, बंधू बुजी ड्रमवादक, आणि स्वतः केरसी अ‍ॅकॉर्डियनपासून ग्लॉकनस्पीलपर्यंत अनेक वाद्यांत पारंगत. 'आराधना' (१९६९) चित्रपटातील 'रूप तेरा मस्ताना' या गीतातील अ‍ॅकॉर्डियन त्यांचेच. २०१६ साली ते निवर्तले.

मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजतो. अनेक स्वर एकत्र गुंफणाऱ्या पाश्चात्त्य वादकास ही उणीव वाटेल. एकेका स्वराचा विस्तार करणाऱ्या आमच्या संगीतास ती मुळीच नडत नाही. शिवाय डाव्या हाताशी असलेले चाक फिरविले की स्वर एका पट्टीवरून दुसरीकडे सलग घसरतो, अर्थात मींड घेता येते. ही मींड आमच्या लाडक्या पेटीस कधी साधली नाही. याच उणिवेवर बोट ठेवून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, आणि ती अंशतः उठण्यास १९७१ साल यावे लागले. ज्या पेटीवाचून नाट्यसंगीताची कल्पना करवत नाही, तीही एके काळी परकी व बेसूर ठरली होती, हे विजेच्या वाद्यास नावे ठेवताना ध्यानात असावे.

डिस्कोचे आगमन

सत्तरीच्या दशकात न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय, लॅटिन व समाजाने दूर लोटलेल्या इतर लोकांच्या नृत्यगृहांत डिस्को वाढले. मिनिटास सुमारे १२० ठोके, आणि प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखाच आघात, ही त्याची ओळख. १९७७ साली म्युनिक येथे जॉर्जिओ मोरोडर यांनी डॉना समर यांच्या 'आय फील लव्ह' या गीताची साथसंगत जवळजवळ संपूर्णपणे सिंथेसायझरवर उभारली, आणि डिस्को व यंत्र यांची गाठ पक्की झाली. परंतु १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. अमेरिकेत डिस्कोची उत्तरक्रिया चालू असतानाच आमच्याकडे त्याचे बारसे होत होते!

१९८० साली 'कुर्बानी' प्रकाशित झाला. त्याचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे. परंतु त्यातील 'आप जैसा कोई' हे एक गीत मूळच्या बंगळूरच्या बिड्डू यांनी लंडनमध्ये बांधले आणि नाझिया हसन या शाळकरी मुलीने गायिले. १९८१ साली 'डिस्को दीवाने' ही तबकडी आली. १९८२ च्या अखेरीस बप्पी लाहिरींच्या संगीताने नटलेला 'डिस्को डान्सर' आला आणि त्याचा डंका सोव्हिएत रशियापर्यंत वाजला. गंमत अशी की, त्या चित्रपटात नायकाच्या मातेचा मृत्यू वीज सोडलेल्या गिटारच्या धक्क्याने होतो. विजेच्या वाद्याविषयी वडीलधाऱ्यांच्या मनात असलेली धास्तीच जणू कथेत उतरली होती. बप्पीदांचे वास्तव्य जुहूस होते. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांचे देहावसानही तेथेच झाले.

आणि उपनगरांतील सामान्य घरांचे काय? कल्याणजींचे धाकटे बंधू बाबला यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभी डिस्को दांडियाच्या तबकड्या काढल्या, आणि मुलुंड, घाटकोपर, बोरीवली येथील नवरात्राचा नादच बदलला. १९५४ च्या पुंगीपासून १९८० च्या 'कुर्बानी'पर्यंत व तेथून डिस्को दांडियापर्यंतचा धागा असा एकाच कुटुंबातून जातो. इकडे गणेशोत्सवात बेंजो होताच. हा बेंजो म्हणजे विजेवर चढविलेले बुलबुलतरंग. त्याचे मूळ १९१२ साली जपानातील नागोया येथे निर्माण झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. १९८५ च्या सुमारास ऑक्टोपॅड आला, आणि कोणत्याही लहान कीबोर्डास 'कॅसिओ' म्हणण्याचा प्रघात पडला. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या आप्ताने आणलेला कॅसिओ शेजारच्या दहा घरांतील मुलांनी हाताळलेला आम्ही पाहिला आहे.

दहा राग

या प्रकरणातील सर्वांत विलक्षण पर्व चरणजित सिंग यांचे. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बास गिटार व इतर वाद्ये वाजविणाऱ्या या वादकाने १९८२ साली दहा रागांची डिस्को ठेक्यावर बांधलेली एक तबकडी ग्रामोफोन कंपनीकरवी काढली. ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, मालकंस असे राग, आणि हाताशी जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. दुसरे यंत्र तालाचे. त्यात ठेका सोळा घरांत मांडावा लागतो, आणि योगायोगाने आमच्या तीनतालाच्या मात्राही सोळाच.

तिसऱ्या यंत्राची कथा बोधप्रद आहे. ते बास गिटारची नक्कल करण्यासाठी १९८१ च्या अखेरीस बाजारात आले. नक्कल साधली नाही. सुमारे १०,००० यंत्रे तयार होऊन १९८४ साली उत्पादन बंद पडले. पडत्या भावात विकली गेलेली ती यंत्रे शिकागोतील तरुणांच्या हाती लागली, आणि १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या तबकडीने ज्या संगीतप्रकारास नाव मिळवून दिले त्याचा प्राण म्हणजे याच यंत्राचा घसरता, चिरका स्वर. परंतु हाच घसरता स्वर मींडेच्या कामी येईल हे चरणजित सिंगांनी त्याच्या पाच वर्षे आधी ओळखले होते. त्यांनी शिकागोचे काही ऐकले नव्हते, शिकागोने त्यांचे काही ऐकले नव्हते. त्यांनी ऐकला होता तो राग.

त्या तबकडीकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकास ती एका दुकानात सापडली, त्याने मुंबईस येऊन वादकाचा शोध घेतला, आणि २०१० साली ती पुन्हा प्रकाशित केली. उतारवयात चरणजित सिंगांनी युरोपच्या रंगमंचावर हे राग वाजविले. जुलै २०१५ मध्ये ते निधन पावले. आमच्या शेजारच्या माणसाचे मोल आम्हांस परदेशाहून कळावे, ही गोष्ट भूषणावह खचित नव्हे.

दुसरी बाजू

या यंत्राचे गुणगान करताना त्याने कोणाच्या ताटातील घास काढून घेतला, हे विसरणे अन्यायाचे होईल. पूर्वी मोठ्या गीताच्या ध्वनिमुद्रणास पन्नास-साठ, कधी शंभरही वादक एकत्र बसत. त्यांत गोव्याचे व्हायोलिन व ट्रम्पेट वाजविणारे होते, पारशी होते, बंगाली होते, आमचे मराठी ढोलकी-तबलजीही होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून एकच वादक कळ दाबून व्हायोलिनांचा संपूर्ण ताफा उभा करू लागला, आणि नव्वदीच्या दशकाअखेर तो वाद्यवृंद जवळजवळ इतिहासजमा झाला. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वादकांच्या मुलाखती संगृहीत केल्या आहेत.

तथापि दोष यंत्राचा की वापरणाऱ्याचा? केरसी लॉर्ड वा चरणजित सिंग यांनी त्याजकडून पूर्वी नसलेला नाद मागितला; काटकसर करणाऱ्यांनी त्याजकडून शंभर माणसांची स्वस्त नक्कल मागितली. पहिले ऐकण्यास आज जग आतुर आहे. दुसरे कोणाच्या स्मरणातही उरलेले नाही. कालपुरुषाने केलेला हा निवाडा पुरेसा बोलका आहे.

आपले कर्तव्य

नवे ते सर्व त्याज्य, हा आग्रह पेटीच्या बाबतीत खोटा ठरला, क्लॅव्हिओलीनच्या बाबतीत खोटा ठरला आणि डिस्कोच्या बाबतीतही ठरला. अहमदाबादच्या फिती कपाटात होत्या म्हणून वाचल्या. चरणजित सिंगांची तबकडी एका दुकानात उरली होती म्हणून सापडली. आमच्या घरांतील ठेवा वाचेलच, याची शाश्वती नाही. उपनगरांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे, आणि घर रिकामे करताना सर्वप्रथम भंगारात जातात त्या तबकड्या, कॅसेटी, बंद पडलेला कॅसिओ आणि माळ्यावरचा बेंजो. गोरेगावच्या ज्या फिल्मिस्तानपासून आम्ही आरंभ केला, त्या जागेचीही २०२५ साली विक्री झाली.

म्हणून आमची सभासद कुटुंबांस एवढीच विनंती आहे. घर बदलताना ती पेटी एकदा उघडून पाहावी. तबकडीच्या वेष्टनावर गायकाचे नाव असते, वादकाचे बहुधा नसते. घरातील कोणास ते ठाऊक असेल तर पेन्सिलीने लिहून ठेवावे. वाडीच्या गणेशोत्सवात बेंजो कोण वाजवीत असे, पहिला कॅसिओ कोणाच्या घरी व कोणत्या साली आला, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवर कोण बसे, हे आजी-आजोबांस विचारून त्यांच्याच आवाजात मुद्रित करावे. आता त्यास खिशातला दूरध्वनीही पुरतो. या वादकांपैकी जे हयात आहेत, त्यांना पुढील स्नेहसंमेलनात सन्मानाने पाचारण करावे आणि एकदा मनसोक्त वाजवू द्यावे. त्यांचे गुण आमच्याच कानांनी हेरावेत. त्यासाठी आणखी कोणा परदेशी संग्राहकाची वाट पाहण्याचे कारण नाही.