श्योनाऊची वीज : एका लहान गावाची मोठी निवड

जर्मनीत आपण कुठेही राहत असलो तरी विजेची दोन बिले भरतो. एक आपल्या घरी येते. दुसरे आपल्याला दिसत नाही. ते असते रस्त्यावरच्या दिव्यांचे, मुलांच्या शाळेचे, पोहण्याच्या तलावाचे, पाणी चढवणाऱ्या पंपांचे, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचे आणि राटहाउसचे. हे बिल गाव भरते, म्हणजे आपल्याच करांतून भरले जाते. आज जर्मनीतल्या बऱ्याच नगरपालिका या खात्यांसाठी वारा, ऊन आणि पाण्यापासून केलेली वीज मागवतात. निविदा काढायची, ठराव करायचा, झाले! पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी असा ठराव करणे गावाच्या हातात जवळजवळ नव्हते. ते हाती यावे म्हणून श्वार्झवाल्डमधले एक छोटे गाव दहा वर्षांहून अधिक काळ झगडले. त्याची हकिगत आपल्या कुटुंबांना माहीत असावी, म्हणून हा लेख.

आधी त्या वेळची पद्धत पाहू. १९९८ पर्यंत जर्मनीत प्रत्येक भागाला एकच वीज कंपनी असे. आपली भाजी कोणत्या दुकानातून घ्यायची हे ठरवता येई, वीज कोणाकडून घ्यायची हे नाही. गावाच्या हाती एकच हुकमाचे पान होते. तारा गावाच्या रस्त्यांखालून जातात आणि रस्ते गावाच्या मालकीचे. त्यामुळे तारा टाकण्याच्या हक्कासाठी कंपनीला गावाशी करार करावा लागे. हा करार जास्तीत जास्त वीस वर्षांचा असे. तो संपत आला की गावाला बोलण्याची संधी मिळे. एकदा सही झाली की पुढची वीस वर्षे गप्प!

श्योनाऊ हे फ्रायबुर्गच्या दक्षिणेला डोंगरात वसलेले, सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि त्यानंतरच्या पावसाबरोबर किरणोत्सारी कण दक्षिण जर्मनीतही पडले. मुलांना वाळूत खेळू द्यावे का, दूध पाजावे का, बागेतली पालेभाजी खावी का, असे प्रश्न घराघरांत उभे राहिले. त्यातून १९८७ मध्ये काही पालकांनी एक गट स्थापन केला. त्यात डॉक्टर मिखाएल स्लाडेक आणि त्यांच्या पत्नी, शिक्षिका उर्सुला स्लाडेक हे पुढे होते. सुरुवात अगदी साधी होती. गावात वीज बचतीच्या स्पर्धा घेतल्या, लोकांना मीटर वाचायला शिकवले. मग त्यांनी तेथील वीज कंपनीला विनंती केली की, बचत करणाऱ्याला फायदा होईल असे दर ठेवा. राइनफेल्डेनची ही कंपनी ‘काव्हेएर’ या नावाने ओळखली जाई. तिने काही दाद दिली नाही.

कंपनीचा करार १९९४ मध्ये संपायचा होता. १९९० मध्येच कंपनीने नगरपरिषदेपुढे प्रस्ताव ठेवला : आत्ताच नवा करार करा, एक लाख मार्क जादा देतो. पालकांच्या गटाने काय करावे? तेवढीच रक्कम लोकांकडून उभी केली आणि परिषदेला सांगितले, घाई करू नका, हे पैसे आम्ही देतो. तरीही जुलै १९९१ मध्ये परिषदेच्या बहुमताने कंपनीच्या बाजूने ठराव केला.

येथे बाडेन-व्युर्टेंबर्गचा एक जुना कायदा कामी आला. परिषदेचा ठराव मान्य नसेल तर पुरेशा सह्या गोळा करून मतदान मागण्याचा हक्क या राज्यात १९५६ पासून आहे. २७ ऑक्टोबर १९९१ रोजी मतदान झाले आणि सुमारे ५६ टक्के लोकांनी ठराव फिरवला. करार लांबणीवर पडला. १९९४ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःची वीज कंपनी काढली, ‘एव्हेएस’. नोव्हेंबर १९९५ मध्ये परिषदेने नवा करार या कंपनीला दिला. आता सह्या गोळा करण्याची पाळी विरोधकांची होती. वीजपुरवठ्यासारखे काम हौशी लोकांवर सोपवावे का, ही त्यांची शंका काही अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. १० मार्च १९९६ रोजी दुसरे मतदान झाले. निकाल : ५२.४ टक्के एव्हेएसच्या बाजूने. शेजारी शेजाऱ्याविरुद्ध, किती थोडक्यात निभावले पाहा!

पण जिंकूनही तारा मिळेनात. जुन्या कंपनीने जाळ्याची किंमत सांगितली ८७ लाख मार्क. गावकऱ्यांच्या तज्ज्ञांचा अंदाज याच्या निम्म्याच्या आसपास होता. वर्षानुवर्षे कोर्टात बसण्यापेक्षा आधी पैसे भरू, मग भांडू, असे ठरले. बोखुमच्या जीएलएस बँकेने मदत केली आणि देशभर देणग्यांची मोहीम निघाली. तिचे घोषवाक्य होते ‘इख बिन आइन श्टोएरफाल’. श्टोएरफाल म्हणजे अणुभट्टीतला बिघाड. सामान्य माणसे हसत म्हणत होती, ‘मीच एक बिघाड आहे.’ अखेर कंपनी सुमारे ५७ लाखांवर आली आणि १ जुलै १९९७ रोजी गावाचे जाळे गावकऱ्यांच्या हाती आले. पुढे जादा घेतलेल्या रकमेचा भाग परतही मिळाला. त्यानंतर छपरावरच्या सौर विजेला चांगला भाव मिळू लागला. १९९९ मध्ये तर गावच्या प्रोटेस्टंट चर्चच्या छपरावरही सौर संच चढला.

१९९८ मध्ये वीज बाजार खुला झाला आणि १९९९ पासून एव्हेएस देशभर वीज विकू लागली. तेव्हापासून प्रत्येक नगरपालिकेला आपल्या दिव्यांसाठी आणि शाळांसाठी पुरवठादार निवडता येतो. फक्त स्वस्तातली स्वस्तच वीज घ्यावी लागेल का, हा प्रश्न उरला होता. डिसेंबर २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका खटल्यात युरोपच्या न्यायालयाने सांगितले की, सरकारी खरेदीत पर्यावरणाच्या निकषालाही वजन देता येते. आता खरी गोम कागदात आहे. तारेतली वीज सगळ्यांची एकच असते. हिशेब होतो तो मूळ-दाखल्यांवर. जर्मनीत त्यांची नोंद २०१३ पासून पर्यावरण खात्याचे कार्यालय ठेवते. जुन्या जलविद्युत केंद्रांचे दाखले स्वस्तात घेऊनही बिलावर ‘हिरवी वीज’ असे छापता येते. त्याने नवी पवनचक्की उभी राहत नाही.

२००९ मध्ये एव्हेएस सहकारी संस्था झाली. सहकार आपल्याला नवा नाही. श्रीरामपूर-राहुरीकडे मुळा-प्रवरा या वीज सहकारी संस्थेने अनेक दशके गावोगाव वीज पुरवली. थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले. लोकांची संस्था काढणे हे अर्धेच काम. हिशेब चोख ठेवणे हे उरलेले अर्धे.

आता आपल्यापुरते. आपल्यातल्या ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांना गावच्या निवडणुकीत किंवा अशा मतदानात मत नाही. ५२.४ टक्क्यांचा निकाल वाचताना ही गोष्ट टोचते. कर आपला, बिल आपले, मत मात्र नाही. पण हात अगदीच बांधलेले नाहीत. घरचा पुरवठादार आपण निवडू शकतो. वीज सहकारी संस्थेचे सभासद व्हायला नागरिकत्व लागत नाही. परिषदेच्या बैठकीत रहिवाशांसाठी प्रश्नांची वेळ ठेवलेली असेल, तर तेथे उभे राहून विचारता येते : आपल्या गावाच्या खात्यांची वीज कोठून येते, करार कधी संपतो, दाखले नव्या केंद्रांचे की जुन्या? करार संपण्याच्या दोन वर्षे आधी विचारलेला प्रश्न सही झाल्यानंतरच्या शंभर तक्रारींपेक्षा मोलाचा, हे श्योनाऊने दाखवले.

आपापल्या राटहाउसमध्ये काय उत्तर मिळाले ते मंडळाला जरूर कळवावे. पुढील अंकात एकत्र छापू.