कामाच्या वाटेवर घडलेली तीर्थे

रेल्वे येण्यापूर्वीच्या महाराष्ट्रात केवळ प्रदेश पाहावा एवढ्याच हेतूने घर सोडून उत्तर हिंदुस्थानात जाणारा माणूस विरळा होता. नर्मदेपलीकडे जाणाऱ्यांत बहुसंख्य लोक कामाने बांधलेले असत : फौजेतला शिलेदार, तिच्या हिशेबाची दप्तरे सांभाळणारा कारकून, परदरबारी नेमलेला वकील, सावकाराच्या पेढीचा गुमास्ता, आणि एखाद्या संस्थानिकाने मोठे दानधर्म मांडल्याचे ऐकून दक्षिणेच्या आशेने निघालेला भिक्षुक. या लोकांनी मागे ठेवलेली पत्रे आणि आत्मवृत्ते वाचताना एक गोष्ट पुन:पुन्हा नजरेस येते. ज्या कामासाठी ते निघाले त्याच्या जोडीला वाटेवरची क्षेत्रे, नद्या, देवळे आणि शहरे पाहण्याचा बेत त्यांच्या मनात निघतानाच असे, आणि त्यात कामचुकारपणा होतो असे त्यांना किंवा त्यांच्या धन्यांना वाटत नसे. पुढच्या काळातील काही इतिहासकारांनी मात्र या दर्शनाच्या ओढीकडे कामातला व्यत्यय म्हणून पाहिले, आणि त्यामुळे त्या काळच्या प्रवासाचे स्वरूपच नीट ध्यानात आले नाही.

हे स्वरूप समजण्यासाठी आधी रस्त्याचा विचार केला पाहिजे. पुण्याहून काशी आजच्या मापाने दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पायी चालणाऱ्या माणसाची रोजची मजल, म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतचे अंतर, वीस-पंचवीस किलोमीटरांहून फारशी मोठी नसे, तेव्हा एका दिशेच्या प्रवासालाच दोन-अडीच महिने सहज लागत. पावसाळ्यात नद्या फुगल्या की वाटा बंद पडत आणि मिळेल त्या गावी चातुर्मास काढावा लागे. वाटमाऱ्यांचे भय असल्याने एकट्यादुकट्याने निघणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते. रोख रक्कम अंगावर बाळगणे धोक्याचे म्हणून ज्यांची ऐपत असे ते हुंडी नेत, म्हणजे एका गावच्या पेढीवर पैसे भरून दुसऱ्या गावच्या पेढीवर ते मिळण्याची चिठ्ठी घेत, पण सामान्य गृहस्थाला तेही परवडत नसे. शिवाय ठिकठिकाणी जकाती द्याव्या लागत आणि क्षेत्राच्या ठिकाणी यात्रेकरूंवर निराळा कर बसे. अशा स्थितीत फौजेची किंवा एखाद्या मोठ्या सरदाराच्या लवाजम्याची सोबत मिळणे हीच सामान्य माणसाला उत्तरेचे दार उघडण्याची खरी संधी होती, आणि ती आयुष्यात बहुधा एकदाच येई.

दुसऱ्या बाजूला धर्मशास्त्राचा दंडक होता. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांना मिळून त्रिस्थळी म्हणतात. या यात्रेचा विधी सांगणारा 'त्रिस्थलीसेतु' हा प्रमाणग्रंथ सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी रचला, आणि त्यांचे घराणे मूळचे पैठणचे असून काशीत स्थायिक झालेले होते. गयेस पितरांचे श्राद्ध करणे हे पुत्राचे ऋण मानले जात असल्याने, नोकरीच्या निमित्ताने का होईना, जो माणूस त्या बाजूला गेला आणि गया टाळून परत आला, त्याला घरच्या वडीलधाऱ्यांपुढे उभे राहणे कठीण जाई. क्षेत्रोक्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्या असत. तीर्थोपाध्याय म्हणजे यात्रेकरूची उतरण्याची सोय आणि धर्मकृत्ये करून देणारा वंशपरंपरागत पुरोहित, आणि त्याच्या वहीत येणाऱ्याचे नाव, गाव, कूळ नोंदले जाई. अशा वहीत आजोबांच्या नावाखाली आपले नाव घातले जाणे हे देशावरच्या किंवा कोकणातल्या कारकुनाला पगाराइतकेच मोलाचे वाटे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

काम आणि यात्रा यांची ही वीण किती घट्ट होती हे उलट बाजूनेही दिसते. पहिल्या बाजीराव पेशव्याच्या मातोश्री राधाबाई १७३५च्या आरंभी काशीयात्रेस निघाल्या आणि पुढच्या वर्षी परतल्या. त्या गेल्या देवदर्शनाला, पण वाटेत उदयपूरच्या राणांनी आणि जयपूरच्या सवाई जयसिंगाने त्यांचा सन्मान केला, मोगलांचा सरदार महंमदखान बंगश यानेही त्यांच्या वाटेची व्यवस्था ठेवली, आणि ज्या प्रदेशांत पेशव्याच्या फौजा शत्रू म्हणून वावरत होत्या त्या प्रदेशांतून पेशव्याची आई निर्धास्त फिरून आली. त्याच सुमारास बाजीराव स्वत: राजपुतान्यात उतरून जयसिंगास भेटला, हे लक्षात घेतले म्हणजे एका वृद्ध स्त्रीच्या यात्रेने दरबारी वकिलांच्या कामाला केवढा हातभार लावला ते कळते.

पण या सरमिसळीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दु:खद उदाहरण पानिपतचे आहे. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांची फौज अफगाण बादशहा अब्दालीशी लढण्यासाठी १७६०च्या मार्च महिन्यात पडदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील परतूरहून, उत्तरेकडे निघाली. लढणाऱ्यांच्या बरोबर बायकामुले, नोकरचाकर, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचा मोठा समुदाय होता. बुणगे म्हणजे लष्कराबरोबर चालणारे पण शस्त्र न धरणारे लोक, आणि त्यांत वाणी, लोहार, मोतद्दार अशा लष्कराला अत्यावश्यक असणाऱ्या माणसांचाही समावेश होई. याच फौजेत अठरा वर्षांचा बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे पुढे राज्याचा गाडा ओढणारा नाना फडणीस, होता. फडणिशी म्हणजे सरकारी जमाखर्चाचे मुख्य दप्तर, आणि ते काम वडिलांच्या मृत्यूनंतर कोवळ्या वयातच त्याच्याकडे आले होते. त्याने आपली आई आणि पत्नी यांना बरोबर घेतले होते. नानाने लिहिलेले त्रोटक आत्मवृत्त पानिपतच्या प्रसंगापाशी येऊन थांबते. एका हिशेबनिसाच्या लेखणीतून उतरलेल्या या मजकुरात मथुरा-वृंदावनाच्या दर्शनाला जागा आहे, आणि ते लिहिताना त्याचा स्वर कारकुनाचा राहत नाही, तर भाविकाचा होतो. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फौज ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा करीत ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत शिरली, तोवर या तरुणाने आपले काम सांभाळून आईला ती भूमी दाखवली, हे त्याच्या जन्माचे एक समाधान होते.

ऑक्टोबरच्या १७ तारखेला भाऊंनी कर्नाळजवळचे कुंजपुरा घेतले. तेथून कुरुक्षेत्र दोन-तीन मजलांवर होते, आणि तेथील स्नान करून यावे या विचाराने फौज त्या दिशेला वळली असता अब्दालीने बागपतापाशी यमुना ओलांडल्याची बातमी आली. अब्दाली दिल्ली आणि मराठे यांच्यामध्ये येऊन उभा राहिला, दक्षिणेची वाट तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा जो पराभव झाला तो प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. नाना जीव वाचवून परतला, पण त्याची आई त्या धुमाळीत गेली.

यात्रेकरूंनी आणि कुरुक्षेत्राच्या स्नानाने पानिपत गमावले, असा ठपका अनेकांनी ठेवला आहे. तो संपूर्ण निराधार नाही, कारण लढू न शकणारी तोंडे पोसण्याचे ओझे कोंडमाऱ्याच्या दिवसांत फार भारी पडले. तरीही तो न्याय्य नाही. यमुनेच्या उतारांवर पुरेशी नजर न ठेवणे, उत्तरेत मित्र न मिळणे, पैशाची आणि दाण्याची रसद तुटणे ही कारणे सेनापतीच्या आणि दरबाराच्या कक्षेतली होती, आणि ज्या समाजात फौजेखेरीज यात्रेला सुरक्षित वाटच नव्हती त्या समाजातील विधवांना आणि म्हाताऱ्यांना फौजेबरोबर गेल्याबद्दल दोष देणे म्हणजे रस्ता नसल्याचा दोष वाटसरूला देणे होय.

जवळजवळ शंभर वर्षांनी याच वाटेने निघालेल्या एका गरीब भिक्षुकाने या विषयावरचा सर्वांत समृद्ध दस्तऐवज मराठीला दिला. आजच्या रायगड जिल्ह्यात पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे तिशीतले गृहस्थ कर्जाने गांजलेले होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, आणि त्यात ब्राह्मणांना मोठी दक्षिणा मिळणार आहे, अशी वार्ता कोकणापर्यंत पोहोचली. ती खरी मानायला आधार होता, कारण दौलतराव शिंद्यांच्या या विधवा पत्नीने १८२८ साली काशीत ज्ञानवापीचा मंडप बांधून आपली दानशीलता दाखवली होती. गोडशांनी आपले काका रामभट यांच्यासह १८५७च्या वसंतात घर सोडले. उद्देश उघड होता : द्रव्य मिळवावे, कर्ज फेडावे. पण त्याबरोबरच काशी घडावी आणि गंगेचे पाणी आणून आईवडिलांना त्याने स्नान घालावे ही दुसरी इच्छाही होती, आणि या दोहोंत थोरली कोणती हे सांगणे पुस्तक वाचल्यावरही सोपे जात नाही.

सातपुडा ओलांडून महूपाशी पोहोचेतो त्यांना शिपायांकडून येऊ घातलेल्या उठावाची चाहूल लागली. त्यानंतरची दोन-अडीच वर्षे काका-पुतणे बंडाच्या वणव्यातून फिरत राहिले. उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झांशी, काल्पी, चित्रकूट, अयोध्या, काशी अशी त्यांची भ्रमंती झाली, आणि 'माझा प्रवास' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्तात या प्रत्येक ठिकाणी भिक्षुकाचे काम आणि पाहणाऱ्याचे कुतूहल शेजारी शेजारी नांदते. झांशीत ते राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला होते. तेथील हलवाईपुऱ्याची श्रीमंती, महालक्ष्मीचे देऊळ, राजवाड्यातील ग्रंथसंग्रह, राणींचा पोशाख आणि दिनक्रम हे सारे त्यांनी ज्या बारकाईने टिपले आहे ती बारकाई दक्षिणा मोजणाऱ्या माणसाची नाही, नवे शहर डोळे भरून पाहणाऱ्याची आहे. मार्च १८५८मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा दिला आणि एप्रिलच्या आरंभी ते पडले. त्यानंतरच्या कत्तलीचे, जळणाऱ्या हलवाईपुऱ्याचे आणि त्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे मराठीतील प्रत्यक्ष वर्णन आज उपलब्ध आहे, ते शहर आधी मनापासून पाहिलेला माणूस त्या वेळी तेथे अडकून पडला होता म्हणून. जवळचे पैसे लुटीत गेले.

सामान्य माणूस येथून थेट घरची वाट धरता. गोडशांनी मात्र यात्रा पुरी केली, आणि गंगेचे पाणी कावडीतून वरसईपर्यंत आणले. कावड म्हणजे बांबूच्या दोन टोकांना टांगलेली भांडी खांद्यावर तोलून नेण्याची रीत. शेकडो कोस अशी कावड वाहणे हे किती कष्टाचे असते ते जो खांद्यावर दोन घागरी घेऊन एखादी टेकडी चढला असेल त्याला समजेल. मातापित्यांना त्या पाण्याने स्नान घातले गेले. कर्ज फिटण्याजोगे द्रव्य मात्र हाती उरले नव्हते.

हा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून पुष्कळ वर्षांनी लिहिला गेला, वैद्यांनीच तो १९०७ साली प्रसिद्ध केला, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापली. अभ्यासकांनी आजवर त्यातील झांशीची पाने सर्वाधिक वापरली. क्षेत्रांची वर्णने, स्नाने, दक्षिणेचे आकडे ही पाने त्यांना दुय्यम वाटली असावीत, पण एकोणिसाव्या शतकातला मराठी माणूस पोटासाठी परमुलखात गेल्यावर काय पाहतो आणि का पाहतो याचे उत्तर त्या पानांतच आहे.

गोडसे परतल्यानंतर दहा-बारा वर्षांतच वाट बदलली. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३मध्ये सुरू झाला होता, आणि १८७०मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता जोडले गेले, त्यामुळे महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. आता काशीला जाण्यासाठी फौजेची किंवा यज्ञाची गरज उरली नाही, रजा आणि तिकीट पुरे झाले, आणि त्याबरोबर नोकरीचा प्रवास व यात्रेचा प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. तरी कामाच्या गावाविषयीची ओढ संपली नाही, तिने विषय बदलला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८८६ साली सरकारी फायनान्स कमिटीवर नेमले गेले आणि त्या कामासाठी त्यांना कलकत्त्यास राहावे लागले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून दिसते की, ज्या शहरात आपण राहतो तेथील वर्तमानपत्र आपल्याला वाचता येऊ नये ही गोष्ट न्यायमूर्तींना सलली. त्यांनी बंगाली पुस्तके आणली, आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला, तो आपले काम करीत असताना, अडलेली अक्षरे व शब्द विचारून ते वाचायला शिकले. मग त्यांनी रमाबाईंनाही शिकवले, आणि कमिटीचे काम आटोपून परतताना त्या बंगाली वाचू लागल्या होत्या.