वैर सरले, खंडणी उरली

जयपूरच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर चौमूं आहे. नाथावत कछवाह्यांचे हे ठिकाण. जवळचे सामोदही त्याच कुळाचे. मराठे आणि जयपूर यांच्यातील दीर्घ वैर ज्या तहाने संपले, त्यावर जयपूरतर्फे सही आहे ती सामोदच्या रावळ बैरीसाल नाथावतांची. तारीख २ एप्रिल १८१८. समोर कंपनीचा चार्ल्स मेटकाफ. मराठ्यांच्या बाजूचे तेथे कोणीही नव्हते.

आरंभी या दोन सत्तांमध्ये असे वैर नव्हते. वेधशाळा उभारणाऱ्या सवाई जयसिंगांनी १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाईंचा यात्रेत मोठा सत्कार केला. पुढच्याच वर्षी बाजीराव स्वतः त्यांना भेटले. १७४३ मध्ये जयसिंग वारले आणि गादीसाठी ईश्वरीसिंग व माधोसिंग भांडू लागले. दोघांनीही पैशाचे वचन देऊन मराठी फौजा आपल्या बाजूस वळवल्या. खरे बिघडले ते येथे. वचनाची रक्कम खजिन्यात नव्हती. ती वसूल करण्यास फौज आली की मुलूख उजाड होई, आणि उजाड मुलखातून पुढची रक्कम निघणे आणखी कठीण. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास हे चक्र ओळखीचे वाटेल: परिणामच कारणाला बळ देतो. १७५० च्या डिसेंबरात होळकरांची फौज जवळ येताच ईश्वरीसिंगांनी आत्महत्या केली. महिनाही उलटला नाही तोच जयपूर शहरात हजारो मराठे कापले गेले.

पुढे १७८७ मध्ये लालसोट, १७९० मध्ये पाटण, १८०० मध्ये मालपुरा. आपल्याकडे या लढायांची वर्णने चवीने वाचली जातात, पण त्यांपैकी एकीनेही थकबाकीचा प्रश्न सोडवला नाही.

तो सुटला तिसऱ्याच सत्तेमुळे. कंपनीने १८०३ मध्ये जयपूरशी तह केला आणि थोड्याच वर्षांत स्वतःच मोडला. नोव्हेंबर १८१७ मध्ये दौलतराव शिंद्यांशी झालेल्या तहाने राजपूत राज्यांशी करार करण्यास कंपनीला मोकळीक मिळाली; जानेवारीत होळकरांनीही मंदसोर येथे राजस्थानातील हक्क सोडले. जयपूरशी तह झाल्यानंतर दोन महिन्यांतच दुसरे बाजीराव इंग्रजांना शरण गेले.

जयपूरच्या तहात खंडणीचे कलम होतेच. पहिल्या वर्षी सूट, दुसऱ्या वर्षी ४ लाख रुपये, मग दरसाल लाखाची वाढ, सहाव्या वर्षापासून ८ लाख. भरणा मात्र आता दिल्लीत, कंपनीच्या खजिन्यात करायचा होता.