मेंदूची गाठ ‘चमकवणारं’ औषध : ऑपरेशनआधी का पाजतात?

मेंदूत गाठ असलेल्या काही पेशंटना ऑपरेशनच्या दिवशी एक पावडर पाण्यात मिसळून पाजतात. पुढे ऑपरेशनमध्ये निळा उजेड टाकला की गाठ लाल-गुलाबी चमकते. ही काय भानगड आहे ते समजून घेऊ.

ग्लायोमा नावाची गाठ आंब्याच्या कोयीसारखी सुटी नसते, ती हराळीसारखी पसरते. साध्या उजेडात तिची कड आणि चांगला मेंदू जवळपास सारखाच दिसतो. काडी राहिली की हराळी पुन्हा फुटते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण रानात नांगर खोल घालता येतो, मेंदूत नाही. जास्त कापलं तर वाचा जाऊ शकते, हात-पाय जाऊ शकतात.

औषधाचं नाव फाइव्ह-एएलए. किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम, भूल द्यायच्या साधारण तीन तास आधी. हा पदार्थ आपल्या शरीरातही तयार होतो. पिकाच्या पानातला हिरवा रंगसुद्धा यापासूनच बनतो! गाठीच्या पेशींत त्याचं पॉर्फिरिन होऊन साचतं आणि निळ्या-जांभळ्या उजेडात तेच लाल दिसतं. त्यासाठी खास मायक्रोस्कोप लागतो.

जर्मनीत डॉ. वाल्टर स्टुमर यांच्या पथकाने घातक ग्लायोमाच्या २७० पेशंटचा हिशेब २००६ साली मांडला. एमआरआयवर दिसणारी गाठ औषधवाल्या गटात ६५ टक्के पेशंटची पूर्ण निघाली, साध्या उजेडात ३६ टक्क्यांची. सहा महिन्यांनी आजार न वाढलेले ४१ टक्के, दुसरीकडे २१. आयुष्य मात्र ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही. म्हणून ‘या औषधाने कॅन्सर बरा होतो’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. शेक आणि केमो सहसा लागतंच. कमी जोराच्या गाठी तर बऱ्याचदा चमकतच नाहीत.

औषध घेतल्यावर किमान २४ तास ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे, नाहीतर कातडी भाजल्यासारखी होते. खाट खिडकीजवळ असेल तर पडदा ओढून घ्या. पॉर्फिरिया, लिव्हर-किडनीचा त्रास, गरोदरपण, चालू गोळ्या, सगळं डॉक्टरांना आधी सांगा. तो मायक्रोस्कोप तिथे आहे का आणि खर्चाच्या अंदाजात हे औषध धरलंय का, हेही भरती होण्याआधीच विचारून घ्या.